एका फटक्याने काय सिद्ध झाले?

पिनबॉल या खेळाविषयीची एक गोष्ट वृत्तपत्रांतून, पुस्तकांतून आणि आता चित्रपटांतूनही पुन:पुन्हा सांगितली जाते. न्यूयॉर्क शहराने १९४२ साली पिनबॉलवर जुगार म्हणून बंदी घातली. ती चौतीस वर्षे टिकली. २ एप्रिल १९७६ रोजी महापालिकेच्या समितीपुढे रॉजर शार्प नावाच्या तरुण पत्रकाराला यंत्रावर खेळून दाखवण्यासाठी उभे करण्यात आले. पिनबॉल हा नशिबाचा नसून कौशल्याचा खेळ आहे, हे त्याने सिद्ध करायचे होते. थोडा वेळ खेळल्यावर त्याने जाहीर केले, की पुढची गोळी मी वरच्या मधल्या गल्लीतून नेतो. त्याने दांडी खेचली, सोडली आणि गोळी मधल्या गल्लीतून गेली. समितीचे मतपरिवर्तन झाले आणि बंदी उठली. २०२२ साली तयार झालेल्या एका चित्रपटाचे नावच 'पिनबॉल: द मॅन हू सेव्ह्ड द गेम' असे आहे.

वर्गात सांगावी असा मोह कोणत्याही विज्ञानशिक्षकाला व्हावा, अशीच ही गोष्ट आहे. एका बाजूला हातात घण घेतलेला हट्टी महापौर, दुसऱ्या बाजूला शांतपणे प्रयोग करून दाखवणारा तरुण, आणि शेवटी पुराव्याचा विजय. मात्र गोष्ट याच रूपात सांगितली, तर मुलांच्या मनात पुराव्याविषयी चुकीची कल्पना बसण्याचा संभव आहे. १९४२ साली ज्यावर बंदी आली ते यंत्र आणि १९७६ साली ज्यावर प्रात्यक्षिक झाले ते यंत्र, ही नावाने एक असली तरी कार्याने एक नव्हती. शिवाय ज्या फटक्याने सारे सिद्ध झाले असे मानतात, त्या फटक्याने फारच थोडे सिद्ध होते. या दोन्ही मुद्द्यांचा क्रमाने विचार करू.

आपल्याकडे हे यंत्र फारसे पाहायला मिळत नाही, म्हणून त्याचे थोडे वर्णन केले पाहिजे. काचेने झाकलेले, खेळणाऱ्याच्या बाजूला किंचित उतरते असे एक टेबल असते. उजव्या कडेला स्प्रिंगची दांडी असते, तिला प्लंजर म्हणतात. दांडी मागे खेचून सोडली की पोलादी गोळी टेबलाच्या वरच्या टोकाला जाते आणि तेथून वाटेतल्या अडथळ्यांवर आपटत खाली घरंगळते. कोठे आपटली, कोणत्या खाचेत वा गल्लीत शिरली, त्यावर गुण मिळतात.

अठराव्या शतकातल्या फ्रान्समधील बॅगाटेल हा टेबलावरचा खेळ याचा पूर्वज. अमेरिकेत सिनसिनाटी येथे माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी १८७१ साली बॅगाटेलला स्प्रिंगची दांडी जोडून तिचे पेटंट घेतले. १९३१ साली शिकागोच्या डेव्हिड गॉटलिब यांनी 'बॅफल बॉल' हे नाणे टाकून खेळण्याचे यंत्र काढले आणि ते हजारोंनी खपले. हा महामंदीचा काळ होता. एका सेंटात काही मिनिटांची करमणूक मिळत असे, आणि दुकानदाराच्या फळीवर ठेवता येईल एवढेच ते यंत्र होते. गुण मोजायचे आणि घरी जायचे, एवढेच सुरुवातीला होते. लवकरच दुकानदार अधिक गुण मिळवणाऱ्याला बक्षीस देऊ लागले, आणि १९३३ पासून तर यंत्रेच जिंकलेली नाणी बाहेर टाकू लागली. पैसे टाकायचे, गोळी सोडायची, पैसे मिळाले तर मिळाले. याला जुगार म्हटले तर म्हणणाऱ्याला वेड्यात काढता येणार नाही.

फियोरेल्लो ला ग्वार्डिया १९३४ साली न्यूयॉर्कचे महापौर झाले आणि त्याच वर्षी त्यांनी जुगाराची स्लॉट मशिने फोडून समुद्रार्पण करण्याचा जाहीर कार्यक्रम केला. पिनबॉलकडे त्यांचा मोर्चा नंतर वळला. ही यंत्रे शाळकरी मुलांचे मधल्या सुट्टीतल्या खाण्याचे पैसे लुटतात, असे त्यांनी न्यायालयाला लिहून दिले. जानेवारी १९४२ मध्ये बंदी अमलात येताच पोलिसांनी छापे घालून हजारो यंत्रे जप्त केली. पर्ल हार्बरवरील हल्ल्याला तेव्हा जेमतेम सहा आठवडे झाले होते. युद्धासाठी धातू हवा होता, आणि चैनीच्या वस्तूंविषयी लोकांचे मन कठोर झालेले होते. बंदीला हे वातावरण अनुकूल ठरले, हे उघड आहे.

आता प्रश्न असा, की १९४२ सालच्या त्या यंत्रात खेळाडूच्या हातात नेमके किती होते? दांडी किती खेचायची, एवढे तर होतेच. याशिवाय टेबलाला हलकासा धक्का देऊन गोळीची वाट थोडी बदलता येई. तेवढ्यासाठीच तर हॅरी विल्यम्स यांनी १९३०च्या दशकात 'टिल्ट' ही युक्ती यंत्रात बसवली. टेबल फार हलवले की आत टांगलेला लंबक कडेच्या धातूच्या कड्याला टेकतो, विद्युतमंडल पूर्ण होते आणि डाव बंद पडतो. वर्गात दोरी, नट आणि विजेरी वापरून हे सहज करून दाखवता येईल. पण आज पिनबॉल म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे येते, म्हणजे बटण दाबताच गोळी वर फटकावणारे फ्लिपर, ते त्या यंत्रात नव्हते. ते अजून कोणाला सुचलेच नव्हते.

फ्लिपर नसल्याने काय बिघडते, हे कॅरम खेळणाऱ्याला लगेच समजेल. स्ट्रायकरने समोरची सोंगटी सरळ भोकात घालणे सोपे. एका सोंगटीवर आपटून दुसरीला लावून घालणे अवघड. तीन सोंगट्यांच्या आधाराने घातली, तर पाहणारेही 'नशीब!' म्हणतात आणि घालणाराही मनातून तेच म्हणतो. प्रत्येक आघाताला आधीची चूक वाढते हे यामागचे कारण. किती वाढते, याचा अंदाजी हिशोब करून पाहू.

पिनबॉलची गोळी आज साधारण २७ मिलिमीटर व्यासाची असते. वाटेतला खिळा ३ मिलिमीटर जाडीचा आहे असे समजू. आघाताच्या क्षणी गोळीचे केंद्र आणि खिळ्याचे केंद्र यांत १५ मिलिमीटर अंतर असेल. गोळी समोरून येत असता तिची वाट ०.१ मिलिमीटरने बाजूला सरकली, तर आघाताच्या बिंदूपाशी काढलेला लंब ०.१ भागिले १५ इतक्या रेडियनने फिरेल. परावर्तनाच्या नियमानुसार परतणारी दिशा त्याच्या दुपटीने फिरेल. पुढचा खिळा ६० मिलिमीटर दूर असेल, तर तेथे पोहोचेपर्यंत गोळी ०.८ मिलिमीटरने सरकलेली असेल. म्हणजे एका खिळ्याने चूक आठपट झाली. दुसऱ्या खिळ्यानंतर ती सुमारे ६.४ मिलिमीटर आणि तिसऱ्यानंतर ५० मिलिमीटरच्या वर. गोळीचे फिरणे, टेबलाचा उतार, खिळ्याची लवचीकता हे सारे येथे सोडून दिले आहे, त्यामुळे आकडे ढोबळ आहेत. पण आठाच्या जागी सहा किंवा दहा घेतले तरी निष्कर्ष बदलत नाही.

हाच हिशोब उलटा करून पाहावा. पाच खिळ्यांवर आपटल्यानंतर गोळी ठरलेल्या जागेपासून एक सेंटिमीटरच्या आत यावी असे वाटत असेल, तर सुरुवातीची चूक दहा मिलिमीटर भागिले आठाचा पाचवा घात, म्हणजे सुमारे ०.०००३ मिलिमीटर एवढीच चालेल. ही दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही लहान राशी आहे. स्प्रिंगची दांडी बोटाने खेचणाऱ्या माणसाकडून इतक्या अचूकतेची अपेक्षा करता येत नाही. खिळ्यांच्या फळीवरून छर्रे सोडून मिळणारा तो घंटेच्या आकाराचा ढीग आपण संभाव्यता शिकवताना दाखवतो. ती फळी फ्रान्सिस गाल्टन यांनी एकोणिसाव्या शतकात तयार केली ती 'योगायोग' दाखवण्यासाठीच. १९४२ सालचे पिनबॉल हे पुष्कळ अंशी गाल्टनच्या फळीचे नाणे टाकायचे रूप होते. धक्के देण्याचे कसब असलेला खेळाडू नवशिक्यापेक्षा सरस ठरत असणार, हे मान्य. तरीही गोळी खिळ्यांच्या जंगलात शिरल्यावर ती मुख्यतः नशिबाच्याच स्वाधीन होती, हे महापौरांचे म्हणणे भौतिकशास्त्राच्या दृष्टीने चूक नव्हते.

१९४७ साली गॉटलिब यांच्याच कंपनीच्या 'हम्टी डम्टी' या यंत्रात हॅरी मॅब्स यांनी फ्लिपर बसवले. ते सहा होते, टेबलाच्या कडांना होते आणि दुबळे होते. पुढच्याच वर्षी स्टीव्ह कॉर्डेक यांनी 'ट्रिपल अॅक्शन' या यंत्रात दोनच पण जोरकस फ्लिपर टेबलाच्या तळाशी बसवले, आणि खेळाला आजचे रूप येऊ लागले. या बदलाचे महत्त्व वरच्या हिशोबावरून कळते. गोळी खाली येते तेव्हा साचलेली चूक कितीही मोठी असो, खेळाडू तिला फ्लिपरवर थोपवून धरू शकतो आणि तेथून नव्याने नेम धरतो. चुकीचा हिशोब पुन्हा शून्यापासून सुरू होतो. फेकलेला दगड आणि उडवलेला पतंग यांत जो फरक, तोच येथे आहे. दगड हातातून सुटला की सुटला. पतंगाला वारा कितीही भरकटवो, मांजा हातात असतो.

म्हणजे १९४७-४८ मध्ये खेळाचे स्वरूपच पालटले. बंदी मात्र तशीच राहिली, कारण ती नावावर होती. ला ग्वार्डिया १९४५ अखेर पायउतार झाले आणि १९४७ मध्येच वारले. त्यांच्या नावाने आज जो उपहास होतो, तो माझ्या मते चुकीच्या पत्त्यावर जातो. दोष द्यायचाच असेल तर तो पुढच्या जवळजवळ तीन दशकांतल्या कारभाऱ्यांना द्यावा, ज्यांना यंत्र पुन्हा एकदा उघडून पाहावेसे वाटले नाही. लॉस एंजलिसमध्येही १९३९ पासून बंदी होती, पण तेथे १९७४ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रामुख्याने कौशल्याच्या असलेल्या यंत्रांपुरती ती रद्द ठरवली. कोणी मधल्या गल्लीतून गोळी नेली म्हणून हे घडले नव्हते, हे येथे नोंदवून ठेवावे.

कौशल्य की नशीब, या एका प्रश्नाने जुगाराचा निकाल लागतो असे ही गोष्ट गृहीत धरते. तेही तपासले पाहिजे. साप-शिडी हा शंभर टक्के नशिबाचा खेळ आहे, पण तो जुगार नाही. बुद्धिबळात फाशांचे काम नाही, तरी दोन माणसे त्यावर शेताचा तुकडा लावू शकतात. नाणे टाकून काय परत मिळते आणि ते परत टाकण्याची ओढ किती लागते, हा वेगळाच प्रश्न आहे. अमेरिकेतल्या यंत्रवाल्यांना हे नेमके ठाऊक होते. पैसे बाहेर टाकणे अडचणीचे झाले तेव्हा त्यांनी बक्षीस म्हणून फुकट डाव द्यायला सुरुवात केली. मग दुकानदार साचलेले फुकट डाव रोख पैशांत बदलून देऊ लागला. १९५०च्या दशकातल्या 'बिंगो' जातीच्या यंत्रांना फ्लिपर नसत. त्यांत जादा नाणी टाकून जिंकण्याचे प्रमाण वाढवता येई, आणि शेकड्यांनी फुकट डाव जमत. १९५७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे फुकट डाव पैशांत वटवले जात असतील, तर ते यंत्र करापुरते जुगाराचेच मानावे असा निर्णय दिला. फुकट डावही वादात सापडतो म्हटल्यावर गॉटलिब यांच्या कंपनीने १९६० पासून बक्षीस म्हणून त्याच डावात एक जादा गोळी देणारी यंत्रे काढली. पळवाट आणि सुधारणा यांची ही गंमतीदार सरमिसळ आहे.

योगायोग असा, की त्याच १९५७ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढेही हाच प्रश्न मुंबईतून आला होता. चमारबागवाला यांच्या शब्दकोड्यांच्या बक्षीस-स्पर्धा तेव्हा फार लोकप्रिय होत्या. बंगळूरला छापल्या जाणाऱ्या साप्ताहिकातून त्या मुंबई राज्यात घरोघर पोहोचत. त्या खटल्यांतून जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे, आणि ज्या स्पर्धेत पुरेसे कौशल्य लागते ती जुगार नव्हे, अशी दोन सूत्रे निघाली. पुढे १९९५ साली शिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात व्हिडिओ गेमच्या दुकानांचा प्रश्न आला. न्यायालयाने त्यात एक व्यवहारी गोष्ट सांगितली, ती शिक्षकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. यंत्रात फेरफार करून कुशल खेळाडूचीही जिंकण्याची शक्यता नाहीशी करता येते. पिनबॉलबाबतही तेच आहे. टेबलाचे पाय थोडे उंच केले, टिल्टचा लंबक थोडा वर चढवला, कडेचे खांब जरा सरकवले, की तेच यंत्र निराळे वागू लागते. म्हणून 'अमुक खेळ कौशल्याचा आहे' हे विधान अपुरे आहे. कोणते यंत्र, कोणत्या जुळणीत, हे सांगितल्यावाचून त्याला अर्थ नाही. २०२५ साली संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला, तेव्हा पैसे लावून खेळायच्या खेळांबाबत कौशल्य की नशीब हा भेदच बाजूला ठेवला, आणि पैसे लावणे हीच कसोटी धरली. तो निर्णय योग्य की अयोग्य यावर मतभेद असू शकतात. पण प्रश्न गोळीच्या वाटेपासून पैशाच्या वाटेकडे वळला, हे तर्काला धरून आहे.

येथे दुसऱ्या टोकाच्या लेखकांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. समाजशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोहेन यांनी १९७२ साली ब्रिटनमधील तरुणांच्या टोळ्यांविषयी लिहिताना 'नैतिक घबराट' ही संज्ञा रूढ केली. एखाद्या गोष्टीत समाजाला आपल्या मूल्यांचा शत्रू दिसू लागतो, वर्तमानपत्रे ती भीती फुगवतात आणि अधिकारी कडक उपाय योजतात, असा त्याचा आशय. संज्ञा उपयुक्त आहे, पण आता ती कोणत्याही काळजीवर शिक्क्यासारखी उमटवली जाते. एकदा शिक्का मारला की काळजीत तथ्य किती, हे पाहण्याचे श्रम वाचतात! न्यूयॉर्कच्या प्रकरणात दोन दावे एकमेकांत मिसळले होते. ही यंत्रे जुगारासाठी वापरली जातात, हा पहिला. त्याला दुकानादुकानातला पुरावा होता. मुले या यंत्रांमुळे बिघडतात, हा दुसरा. त्याच्या पुराव्यासाठी निदान एवढे तरी हवे होते, की जेथे यंत्रे नव्हती त्या वस्तीतल्या मुलांशी तुलना व्हावी. पहिल्या दाव्याच्या बळावर दुसरा खपून गेला. १९८१ साली ब्रिटनच्या संसदेत जॉर्ज फोक्स यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' व तत्सम यंत्रांवर नियंत्रण आणणारे विधेयक मांडू पाहिले, ते ९४ विरुद्ध ११४ मतांनी फेटाळले गेले. त्या यंत्रातून तर पैसे परत मिळण्याची सोयच नव्हती. तरी व्यसन, चोऱ्या, शाळा बुडवणे ही यादी तीच होती. जुगाराचा भाग गळून पडला आणि त्याच्या आधाराने उभी असलेली भीती तेवढी शिल्लक राहिली, असे म्हणता येईल.

आता शार्प यांच्या त्या फटक्याकडे येऊ. प्रात्यक्षिकाला दोन यंत्रे आणलेली होती. शार्प यांनी ज्यावर सराव केला होता, त्या यंत्रात काही लबाडी असेल अशी शंका घेऊन समितीतल्या एका सदस्याने दुसऱ्या, राखीव यंत्रावर खेळायला सांगितले. ही शंका अगदी शास्त्रशुद्ध होती, आणि तिच्याबद्दल त्या सदस्याला शाबासकी दिली पाहिजे. शार्प त्या यंत्रावर फ्लिपरने चांगले खेळले. पण समितीवर पुरेसा परिणाम होत नाही असे वाटून त्यांनी तो शेवटचा फटका जाहीर केला. तो फटका प्लंजरचा होता. म्हणजे १८७१ पासूनच्या आणि १९४२ सालच्या बंदी घातलेल्या यंत्रातही असलेल्या त्या दांडीचा. ज्या सुधारणेमुळे खेळ कौशल्याचा झाला, तिचा या निर्णायक मानल्या गेलेल्या पुराव्याशी काहीच संबंध नव्हता! गोष्ट सांगणारे हे लक्षात घेत नाहीत. आणि पुढे स्वतः शार्प यांनी तो फटका निव्वळ नशिबाने साधला असे मोकळेपणाने सांगितले आहे.

समजा, वर तीनच गल्ल्या होत्या आणि गोळी कोणत्याही गल्लीत सारख्याच शक्यतेने जात होती. मग मुळीच कौशल्य नसलेल्या माणसाचेही भाकीत तीनांत एकदा खरे ठरेल. तेवढ्यावर नवीन औषध कोणी बाजारात आणू देणार नाही. आणि शक्यता सारख्याच असतील हे तरी कशावरून? गाल्टनच्या फळीत मधल्या कप्प्यांत अधिक छर्रे पडतात, हे आपण पाहिलेच आहे. या यंत्रातही एखाद्या गल्लीकडे गोळीचा स्वाभाविक ओढा असू शकतो. शार्प यांनी गल्ली स्वतःच निवडली होती. समितीने यंत्र बदलायला लावले, पण लक्ष्य मात्र खेळाडूला निवडू दिले.

सर रोनाल्ड फिशर यांनी १९३५ सालच्या प्रयोगरचनेवरील ग्रंथात चहाचे प्रसिद्ध उदाहरण दिले आहे. कपात आधी दूध घातले की चहा, हे चवीवरून ओळखते असे एक बाई म्हणतात. फिशर त्यांच्यापुढे आठ कप ठेवायला सांगतात, चार एका प्रकारचे आणि चार दुसऱ्या. कपांचा क्रम चिठ्ठ्यांसारख्या यादृच्छिक रीतीने ठरवायचा. आठांतून चार निवडण्याचे ७० मार्ग आहेत, त्यामुळे सर्व कप केवळ अंदाजाने ओळखण्याची शक्यता सत्तरांत एक. एकच कप ओळखून दाखवला असता, तर फिशर यांनी मान डोलावली नसती. हे पुस्तक १९७६ साली कोणत्याही बऱ्या ग्रंथालयात मिळत होते. समितीने प्रत्येक वेळी चिठ्ठी काढून गल्ली ठरवली असती आणि पाच फटके मारायला लावले असते, तर पाचही केवळ नशिबाने साधण्याची शक्यता २४३ मध्ये एक झाली असती. चिठ्ठीमुळे आणखी एक सोय होते. यंत्राचा ओढा कोणत्याही गल्लीकडे असला, तरी लक्ष्य चिठ्ठीने ठरत असल्यामुळे कौशल्य नसलेल्याचे यश तीनांत एक एवढेच राहते. ओढा मोजत बसावा लागत नाही.

याचा अर्थ समितीने दिलेला निकाल चुकला असा नाही. १९७६ सालची फ्लिपरची यंत्रे कौशल्याचीच होती, आणि चांगले खेळाडू सातत्याने चांगले खेळतात हेच त्याचे खरे प्रमाण. निकाल बरोबर, पण कारण कच्चे, असे गणिताच्या पेपरात आपल्याला नेहमी दिसते. त्याला आपण पूर्ण गुण देत नाही. शिवाय न्यूयॉर्क शहर १९७५ पासून दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होते आणि परवानगी दिली की परवान्याचे शुल्क मिळते, ही पार्श्वभूमीही विसरू नये.

हा सारा वाद वर्गात करून पाहता येतो. दीड-दोन फूट लांबीची एक गुळगुळीत फळी घ्या. तिच्या खालच्या टोकाला पट्ट्या ठोकून तीन सारख्या गल्ल्या करा. फळीचे वरचे टोक दोन-तीन पुस्तकांवर टेकवा. वरून गोटी किंवा सायकलच्या दुकानात मिळणारा मोठा छर्रा बोटाने टिचकी मारून सोडायचा. प्रत्येक वेळी १, २, ३ अशा चिठ्ठ्यांतून एक काढून गल्ली ठरवायची, आणि साधले की नाही ते लिहायचे. प्रत्येक मुलाच्या तीस फेऱ्या घ्याव्यात. नंतर फळीवर एकाआड एक जागी खिळ्यांच्या चार-पाच रांगा ठोकून पुन्हा तीस. पहिल्या भागात बहुतेक मुले दहापेक्षा बरीच पुढे जातील. खिळे आल्यावर आकडे दहाच्या आसपास गोळा होऊ लागतील. खिळ्यांच्या एक, दोन, तीन रांगा ठेवून कौशल्य कोठे विरते, हेही वरच्या वर्गांना शोधायला सांगता येईल.

खिळ्यांच्या फळीवर वर्गात एखादा मुलगा किंवा मुलगी सोळा वेळा गल्ली साधेल आणि सर्वजण टाळ्या वाजवतील. केवळ नशिबाने तीसांत सोळा किंवा अधिक साधण्याची शक्यता सुमारे दोन टक्के आहे. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात निदान एक तरी असा निघण्याची शक्यता निम्म्याहून किंचित अधिकच. टाळ्या थांबू द्याव्यात, त्या मुलाचे नाव फळ्यावर लिहून ठेवावे, आणि पुढच्या आठवड्यात त्याच फळीवर त्याच्याकडून आणखी तीस फेऱ्या करून घ्याव्यात.